चोंदणारी गाळणी : सांडपाण्याची शुद्धी आणि सिरॅमिक पडदे

कोणतीही गाळणी आपले काम जितके चोख करील तितकी ती लवकर चोंदते, हा गाळण्याच्या व्यवहारातील मूळचाच पेच आहे. चहाच्या गाळणीत चोथा साचला की चहा खाली उतरेनासा होतो. वस्त्रगाळ करताना फडक्याची वीण बुजली की ते झटकावे लागते. पाण्याच्या फिल्टरमधील पांढऱ्या कँडलचा अनुभव तर घरोघरचा आहे. नवी कँडल रात्रीतून भांडे भरून देते. काही आठवड्यांनी तेवढ्याच पाण्याला सारा दिवस लागू लागतो. ब्रशने घासली म्हणजे तिचा वेग वाढतो, परंतु तो पहिल्या दिवसाइतका होत नाही. आणि पुढे अशी वेळ येते की, कितीही घासले तरी उपयोग होत नाही व कँडल बदलावी लागते. एखाद्या शहराचे सांडपाणी याच जातीच्या गाळणीतून काढावयाचे ठरविले, तर घरातील ही किरकोळ अडचण मोठ्या खर्चाचा आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होऊन बसते.

या प्रश्नाचे महत्त्व काही आकड्यांवरून ध्यानात येईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे भारताच्या नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती, आणि प्रत्यक्षात वापरात असलेली क्षमता केवळ २०,२३५ दशलक्ष लिटर होती. म्हणजे निम्म्याहून अधिक सांडपाण्यासाठी केंद्रेच नव्हती, ही एक उणीव. आणि जी केंद्रे उभी होती त्यांच्या क्षमतेचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग वापराविना पडून होता, ही दुसरी. पहिली उणीव पैशाने भरून काढता येते. दुसरी भरून काढावयास देखभालीची शिस्त लागते. सिरॅमिक पडद्यांची कथा मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीची कथा आहे.

भाजलेल्या मातीतून पाणी गाळण्याची कल्पना नवी नाही. १८८४ साली पॅरिस येथे लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी बिनचकाकीच्या पोर्सेलीनची नळी करून तिच्यातून पाणी गाळले आणि त्यातील जंतू बाहेर अडवून दाखविले. ही नळी चोंदली की ब्रशने घासून व तापवून पुन्हा वापरीत. पुढे विसाव्या शतकात फ्रान्समध्ये सच्छिद्र सिरॅमिक भिंतींचा उपयोग अगदी निराळ्या कामासाठी, म्हणजे युरेनियमच्या वायुरूप संयुगातून हलके व जड अणू वेगळे करण्यासाठी, होऊ लागला. त्रिकास्तँ येथे १९७९ मध्ये सुरू झालेला व २०१२ मध्ये बंद झालेला प्रचंड कारखाना याच तत्त्वावर चालत असे. त्या निमित्ताने बारीक व एकसारखी छिद्रे असलेल्या सिरॅमिक भिंती तयार करण्याची जी कला हस्तगत झाली, ती १९८० नंतरच्या दशकात दूध, फळांचे रस आणि पाणी यांच्या गाळणीकडे वळली.

सांडपाण्याच्या शुद्धीची परंपरा वेगळी होती. १९१४ साली मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी असे दाखविले की, सांडपाण्यात हवा खेळविली व तळाशी बसणारा जिवंत गाळ पुनःपुन्हा त्याच पाण्यात मिसळला, तर त्या गाळातील जीवाणू घाण खाऊन पाणी निर्मळ करतात. या पद्धतीत शेवटी गाळ तळाशी बसू देण्यासाठी मोठे हौद लागतात, आणि गाळ हलका झाला की तो नीट बसत नाही. १९८९ साली जपानमध्ये काझुओ यामामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवा खेळविलेल्या टाकीतच गाळणपडदे बुडवून त्यांतून पाणी शोषून काढण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ही पद्धत रूढ झाल्यावर गाळ बसण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. जागाही कमी लागू लागली. असे पडदे बहुतांशी प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थांचे असतात. सिरॅमिक पडदे त्यांचे थोरले, महागडे, परंतु अधिक सोशिक भावंड होत.

सिरॅमिक म्हटले तरी हा पडदा कुंभाराच्या मातीचा नसतो. ॲल्युमिनियम, टायटॅनियम किंवा झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडची अथवा सिलिकॉन कार्बाइडची पूड घेऊन, तिला पोकळ पाटीचा किंवा अनेक नळ्यांच्या दांड्याचा आकार देऊन, ती १,००० अंश सेल्सिअसहून पुष्कळ अधिक उष्णतेत भाजली जाते. आतील थर जाड व मोठ्या छिद्रांचा असतो. तो केवळ आधार देतो. वरचा थर पातळ असून गाळण्याचे खरे काम तोच करतो. सांडपाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक पडद्यांची छिद्रे सुमारे ०.१ मायक्रॉन, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या जवळजवळ सातशेव्या हिश्शाइतकी असतात. बहुतेक जीवाणू याहून मोठे असल्यामुळे ते अडकतात व गाळलेले पाणी डोळ्यांना नितळ दिसते.

आता हा पडदा चोंदतो कसा, ते पाहू. पाणी आत शिरताना त्यातील कण पृष्ठभागावर येऊन थांबतात. छिद्राएवढा कण छिद्राच्या तोंडावर बुचासारखा बसतो. त्याहून बारीक कण आत शिरून छिद्राच्या भिंतीला चिकटतात आणि वाट अरुंद करतात. मोठे कण एकमेकांवर रचले जाऊन पृष्ठभागावर पेंडेसारखा थर तयार होतो. या तीन प्रकारांचे परिणाम सारखे नसतात. वरची पेंड सैल असेल तर ती धुतली जाते, आणि कित्येकदा तीच दुसऱ्या गाळणीचे काम करून आतली छिद्रे वाचविते. छिद्रात शिरलेला मळ मात्र नुसत्या पाण्याने निघत नाही.

यात सजीवांची भर पडते. जीवाणू आपल्याभोवती शर्करा व प्रथिने यांचा बुळबुळीत लेप तयार करतात. पाणवठ्याच्या दगडावर पाय घसरतो तो अशाच लेपामुळे. पडद्यावर हा लेप बसला की, कणांची सैल पेंड घट्ट चिकटून बसते. पाण्यातील कॅल्शियमही या कामी साहाय्य करतो. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही अशा क्षारयुक्त पाण्यात तो विपुल असतो. तो लेपाचे धागे एकमेकांस व पडद्यास सांधतो आणि कालांतराने चुनखडीचा कठीण थरही बसवितो.

पडद्याचा पदार्थ कोणता, यालाही महत्त्व आहे. सांडपाण्यातील बहुतेक सेंद्रिय द्रव्यांवर ऋण विद्युत्भार असतो. ॲल्युमिनाचा पृष्ठभाग सर्वसाधारण सांडपाण्यात किंचित धन भाराचा असतो, त्यामुळे ही द्रव्ये त्याकडे ओढली जातात. सिलिकॉन कार्बाइडवर ऋण भार असल्यामुळे तो त्यांना काहीसा दूर सारतो. परंतु मळाचा पहिला पातळ थर बसला की पडद्याचा मूळ स्वभाव त्याखाली झाकला जातो. म्हणून योग्य पदार्थ निवडल्याने आरंभ चांगला होतो, पुढची काळजी सुटत नाही.

गाळण्याचा हिशेब ज्या नियमावर चालतो तो आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली दिझों शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात मांडला. वाळूतून जाणाऱ्या पाण्यासंबंधीचा हा नियम पडद्यालाही लागू पडतो. दाब वाढवावा तसे पाणी अधिक येते. अडथळा वाढला किंवा पाणी घट्ट झाले की कमी येते. अडथळा दोन भागांचा असतो : पडद्याचा स्वतःचा, जो ठरलेला असतो, आणि मळाचा, जो दिवसेंदिवस वाढतो. वीस अंश तापमानाच्या पाण्यापेक्षा तीस अंशांचे पाणी सुमारे एक-पंचमांशाने पातळ असते. म्हणून ग्वाल्हेर-इंदूरकडच्या हिवाळ्यात पंपाला जास्त जोर लावावा लागला तर त्याचा सारा दोष मळाला देऊ नये. तापमानाचा हिशेब वजा करून जो वाढीव दाब उरेल तोच मळाचा खरा पुरावा होय.

येथवर विषय पदार्थविज्ञानाचा झाला. खरी अडचण अर्थकारणातून उद्भवते. समजा, एका वसाहतीचे दररोज दहा लाख लिटर सांडपाणी गाळावयाचे आहे. दर चौरस मीटर पडद्यातून ताशी २० लिटर पाणी घ्यावयाचे म्हटले तर जवळजवळ २,०८० चौरस मीटर पडदा लागेल. ४० लिटर घेतले तर त्याच्या निम्म्यात भागेल. सिरॅमिक पडद्याची दर चौरस मीटरची किंमत प्लॅस्टिकच्या पडद्याहून बरीच अधिक असते. साहजिकच पडदा कमी घ्यावा व त्यातून पाणी जास्त ओढावे, असा मोह होतो. पडदा मजबूत असल्यामुळे तो हा ताण काही काळ निमूटपणे सोसतो, आणि त्यामुळे मोहाला बळ मिळते.

या मोहाला मर्यादा कोठे घालावी, हे रॉबर्ट फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून कळते. प्रत्येक पडद्याला व प्रत्येक पाण्याला प्रवाहाची एक सीमा असते. त्या सीमेच्या आत पाणी ओढले तर पडद्याकडे येणारे कण आणि वाहत्या पाण्याबरोबर परत जाणारे कण यांचा तोल राहतो व मळ फार सावकाश बसतो. सीमा ओलांडली की कण परत जाण्यापूर्वीच नवे कण त्यांच्यावर येऊन आदळतात आणि थर झपाट्याने चढतो. घाईच्या वेळी अरुंद दरवाजाशी गर्दी होते, तसाच हा प्रकार आहे. माणसे एकेक करून गेली तर सर्व सुटतात. सगळ्यांनी एकदम रेटा दिला तर कोणीच सुटत नाही.

सीमेच्या आत राहिले तरी धोका पुरता टळत नाही. २००२ मध्ये चो व फेन या संशोधकांनी दाखविले की, अशा बेताच्या प्रवाहातही दाब प्रथम कित्येक दिवस मंदपणे वाढतो आणि नंतर अकस्मात उसळी घेतो. याचे कारण असे की, पडद्याचा काही भाग हळूहळू चोंदतो. पंप मात्र ठरलेले पाणी मागतच राहतो. मग उरलेल्या मोकळ्या छिद्रांवर सगळा भार पडतो, त्यांच्यापुरती सीमा ओलांडली जाते आणि तीही भराभर चोंदतात. म्हणून दाबमापकाचा काटा रोज पाहणे व त्याची नोंद ठेवणे यांचे मोल कोणत्याही महागड्या रसायनाहून अधिक आहे. उसळी येण्यापूर्वी धुतलेला पडदा थोडक्यात साफ होतो. उसळीनंतर धुतलेल्याला दुप्पट कष्ट पडतात.

मळ आटोक्यात ठेवण्याचे उपाय पडद्याच्या पुष्कळ आधी सुरू होतात. केस, धागे, चिंध्या व वाळू बारीक जाळीने व वाळूच्या कुंडीत आधीच अडविली पाहिजे. केसांच्या गुंत्याने पाट्यांमधील फटी भरल्या तर पुढचे सर्व उपाय निष्फळ होतात. खाणावळींच्या व कारखान्यांच्या पाण्यातील तेलतूप वेगळे काढले पाहिजे. त्यानंतर तुरटीची पाळी येते. गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याची रीत घरोघरी माहीत आहे. तुरटीतील धन भाराचे कण ऋण भाराच्या मळाला एकत्र गोळा करतात व त्याचे मोठे, सैल पुंजके होतात. हे पुंजके छिद्रात शिरू शकत नाहीत आणि वर बसलेला त्यांचा थर सहज निघतो. फेरिक क्लोराइडही हेच काम करते. मात्रा मात्र पाणी तपासून ठरवावी लागते. जास्त झाली तर तिचाच नवा थर बसतो.

टाकीतील जीवाणूंचे आरोग्य हा दुसरा उपाय. गाळ फार लवकर काढून टाकला किंवा जीवाणूंना अचानक विषारी पाणी, अपुरी हवा वा उपासमार सोसावी लागली, तर ते जास्त लेप सोडतात. एकसारखे अन्न, पुरेशी हवा व पुरेसे वय मिळालेला गाळ पडद्याला कमी त्रास देतो. जीवाणू एकमेकांस रासायनिक संकेत देऊन लेप बांधण्याचे काम एकदम सुरू करतात, असेही आढळले आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००९ मध्ये हे संकेत मोडणाऱ्या विकरांचा प्रयोग गाळणपडद्यांवर करून लेप मंदावल्याचे दाखविले.

तिसरा उपाय पडद्याच्या पृष्ठभागावरचा. बुडविलेल्या पाट्यांखालून हवेचे मोठे बुडबुडे सोडतात. ते वर जाताना पृष्ठभाग खरवडीत जातात. नळ्यांच्या पडद्यांत सांडपाणीच सेकंदाला काही मीटर वेगाने पृष्ठभागास समांतर वाहवितात, म्हणजे मळाला बसण्यास उसंत मिळत नाही. दोन्ही उपायांना वीज लागते, आणि या केंद्रांच्या वीजबिलात हवेचा वाटा मोठा असतो. शिवाय अतिरेकी खळबळीने गाळाचे पुंजके फुटून बारीक, अधिक त्रासदायक कण तयार होतात. त्याबरोबर दर काही मिनिटांनी गाळणे थांबवून शुद्ध पाणी उलट दिशेने सोडावयाचे असते. सिरॅमिक पडदा कणखर असल्यामुळे ही उलट धुलाई तो प्लॅस्टिकच्या पडद्याहून अधिक जोराने सोसतो, आणि त्याच्या श्रेष्ठत्वाचे हे एक प्रमुख कारण आहे.

एवढे करूनही जो मळ उरतो त्यासाठी रसायने वापरावी लागतात. सेंद्रिय लेपासाठी सोडियम हायपोक्लोराइट व कॉस्टिक सोडा; चुनखडी, लोह यांसारख्या खनिज थरासाठी सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल. तीव्र आम्ल, तीव्र अल्कली, क्लोरीन, ओझोन आणि उष्ण पाणी हे सर्व सिरॅमिक पडदा सहन करतो. प्लॅस्टिकच्या पडद्यांना यांतील काही गोष्टी कायमची इजा करतात. तथापि पडदा सोसतो म्हणून माणसाने बेसावध राहता कामा नये. हायपोक्लोराइट व आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून एका रसायनानंतर भरपूर पाण्याने धुतल्यावाचून दुसरे वापरू नये, हा नियम कामगारांच्या जिवाशी निगडित आहे. तसेच हायपोक्लोराइटचा अतिरेक झाला तर टाकीतील उपयोगी जीवाणूच मरतात.

सिंगापूरचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. स्वतःचे गोडे पाणी अपुरे असल्यामुळे त्या देशाने २००३ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पुन्हा वापरात आणले. कारखान्यांचे सांडपाणी मात्र घरगुती सांडपाण्याहून अवघड असते. त्यात तेल व रसायने असतात आणि त्याचा गुण तासातासाला पालटतो. तेथील पाणीमंडळाने जुराँग येथील केंद्रात एका जपानी कंपनीच्या सिरॅमिक पाट्यांचे प्रात्यक्षिक केंद्र २०१४ मध्ये चालविण्यास घेतले. त्याची क्षमता दररोज दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ४५ लाख लिटर होती. सर्व शहरासाठी एकदम खरेदी न करता आधी आपल्याच पाण्यावर, पुरेशा मोठ्या प्रमाणावर पडदा चालवून पाहावा, ही त्यातील रीत अनुकरणीय आहे. कारण एका शहराच्या पाण्यात ठरलेली प्रवाहाची सीमा दुसऱ्या शहरास लागू पडेलच असे नाही.

सिरॅमिक पडद्याचे दोषही सांगितले पाहिजेत. तो कठीण असला तरी ठिसूळ असतो. आघाताने किंवा तापमानाच्या एकाएकी बदलाने त्याला तडा जातो, आणि तडा गेलेल्या पडद्यातून मैला सरळ शुद्ध पाण्यात उतरतो. म्हणून गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा सतत तपासावा लागतो. पडद्यात विरघळलेले क्षार अडत नाहीत, आणि काही अतिसूक्ष्म विषाणूही पलीकडे जाऊ शकतात. तेव्हा असे पाणी पिण्याजोगे झाले असे मानणे चूक ठरेल. बागा, कारखान्यांचे शीतकरण, शौचालये यांसाठी मात्र पुढील निर्जंतुकीकरणानंतर ते उत्तम उपयोगी पडते, आणि तेवढेच नदीचे पाणी वाचते.

पडदा चोंदणे पुरतेपणी बंद करता येत नाही. त्याची गती मात्र माणसाच्या हाती आहे. ही गती मुख्यतः दोन गोष्टींनी ठरते : आरंभी पडदा पुरेसा घेतला की नाही, आणि नंतर त्यातून घाईने पाणी ओढले की बेताने. ज्या नगरपालिकेला किंवा कारखान्याला असे केंद्र उभारावयाचे असेल, त्यांनी निविदेत पडद्याच्या किमतीबरोबर दर चौरस मीटरमागे ताशी किती लिटर पाणी घेणार, हाही प्रश्न अवश्य विचारावा. दोन निविदांपैकी स्वस्त दिसणारी पुष्कळदा निम्म्या पडद्यातून दुप्पट पाणी ओढण्याच्या भरवशावर स्वस्त झालेली असते, आणि तिची खरी किंमत तिसऱ्या-चौथ्या वर्षी वीज, रसायने व बंद पडलेले पंप यांच्या रूपाने भरावी लागते. त्याचप्रमाणे धुण्याची रसायने, जाळ्यांची सफाई व दाबाची नोंद ठेवणारा जाणता माणूस यांची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात असावी लागते. ती तरतूद ज्या गावाने केली, त्याच्याकडे हा पडदा वर्षानुवर्षे पाणी देतो. जेथे ती झाली नाही, तेथे भट्टीत भाजून काढलेला पडदाही गाळाखाली निकामी पडून राहतो.